गाण्याचा सातबारा

निकमकाका फक्त मेलेल्या माणसांच्या चाली गुणगुणतात. त्यातही कालपरवा गेलेला माणूस त्यांना चालत नाही. जाऊन साठ वर्षं उलटलेली असली पाहिजेत. कायदा तसं म्हणतो म्हणे. गाणं करणारा गेला की पुढची साठ वर्षं त्याच्या वारसांचा हक्क, आणि मग ते गाणं सगळ्यांचं. त्यामुळे सकाळी चष्मा पुसता पुसता काका जे काही गुणगुणत असतात, त्याला या पृथ्वीतलावर कुणाची हरकत नसते, एवढी खात्री बाळगायला हरकत नाही.

एकदा लिफ्टमध्ये मी आपला सहज शीळ घालत होतो. काका शेजारी उभे. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"सुहासराव, कुणाची?"

"काय कुणाची?"

"चाल."

त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये शीळ घालणं सोडलं. खरं सांगायचं तर लिफ्टमध्ये शीळ घालणं हा गुन्हा नाही, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "गुन्हा नाही हो," ते म्हणाले, "पण सवय वाईट लागते." आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

माझा गंगापूर रोडला एक स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक कॅमेरा. लग्नाच्या फिल्म, शाळांची स्नेहसंमेलनं, द्राक्षवाल्यांच्या जाहिराती, अंबडच्या कारखान्यांच्या माहितीपटांची कामं, असं जे मिळेल ते करतो. पूर्वी आमची पद्धत सोपी होती. गाणं आवडलं, उतरवून घेतलं, फिल्मला चिकटवलं. कोण विचारतंय?

एकदा विचारलं. अंबडच्या एका कारखान्याची फिल्म मी केली होती आणि तिला एका गाजलेल्या सिनेमाचं संगीत लावलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी परदेशी पाहुणे समोर बसलेले, फिल्म इंटरनेटवरून लावली, आणि आवाजच नाही. संगीत ज्यांचं होतं त्यांनी तक्रार केली होती आणि वेबसाइटनं आवाज बंद करून टाकला होता. अकरा मिनिटं पडद्यावर मशिनं मुकाट्यानं फिरत राहिली. पाहुण्यांना वाटलं, तशीच असते. शेवटी टाळ्याही वाजवल्या त्यांनी. पण कारखान्याचे मालक मला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." ती पुढची वेळ अजून आलेली नाही.

निकमकाका आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे चांदवडचे. सगळी नोकरी जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात गेली. मोजणी, हद्दी, वारसनोंदी, भावाभावांची भांडणं. माझी फजिती त्यांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले. चहा नको म्हणाले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"सुहासराव, तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीत नांगर घातला."

मी म्हटलं, "काका, गाणं आहे ते, जमीन नाही."

"तेच तर. जमिनीला निदान बांध दिसतो."

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, देवदर्शन करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काका कायदे वाचतात. कॉपीराइटचा कायदा त्यांनी तीनदा वाचला होता, आणि त्यांच्या मते दुसऱ्या वाचनात जास्त मजा येते. त्या दिवसानंतर ते रोज साडेदहाला स्टुडिओत यायला लागले. नेमणूक अशी मी कधी केलीच नाही. एक दिवस कोपऱ्यात टेबल दिसलं, टेबलावर शिक्के दिसले, आणि मी समजलो.

काकांनी मला जे शिकवलं ते असं: प्रत्येक गाण्याला सातबारा असतो. एक नाही, तीन. शब्दांचा एक, चालीचा दुसरा, आणि जे रेकॉर्डिंग आपण ऐकतो त्याचा तिसरा. तिघांचे मालक वेगळे असू शकतात. तिन्ही उतारे हातात आल्याशिवाय फिल्मला गाणं लावायचं नाही. आणि नुसतं "लावू का?" असं विचारूनही भागत नाही. कुठल्या फिल्मला, किती वर्षं, कुठल्या मुलखात, पडद्यावर की मोबाइलवर, सगळं लिहून द्यायचं. "हद्द लिहा, सुहासराव. हद्द नाही लिहिली की भाऊबंदकी सुरू." यासाठी त्यांनी स्वतः एक चार पानी अर्ज तयार केला होता. वर मोठ्या अक्षरात 'ना हरकत', खाली दोन चौकोन: 'परवानगी देत आहे', 'परवानगी देत नाही'.

मी एकदा म्हणालो, "काका, तो दुसरा चौकोन काढून टाका ना. लोकांना उगाच सुचवायचं कशाला?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या तरी शेताच्या हद्दीचा दगड सरकवला होता. "नाही म्हणायची सोय नसली तर विचारलं कशाला म्हणायचं?" ते म्हणाले, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

माझ्या भाचीचं लग्न सिन्नरला होतं. वरात निघाली, बँडनं नवं कोरं गाणं धरलं, आणि मी घाबरून काकांकडे बघितलं. तर काका वरातीच्या पुढे, सफारीत, दोन्ही हात वर करून, "नाचा, नाचा! वरातीला कायद्यानं सूट आहे!" लोकांना वाटलं, नवऱ्या मुलाचे काका लय हौशी. मीही खूश. पण आठ दिवसांनी फिल्म जुळवायला बसलो तर काका मागे येऊन उभे. "वरातीला सूट आहे, तुमच्या फिल्मला नाही." आता काय करणार! भाचीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये अख्खी वरात एका संथ सरोदवादनावर बेभान नाचते आहे. भाची माझ्याशी अजून धड बोलत नाही.

असं मात्र समजू नका की काका नुसते आडवे येतात. एकदा आम्ही इंटरनेटवरच्या एका संग्रहातून पियानोचा तुकडा घेतला. तिथं परवानगी आधीच दिलेली असते, फक्त संगीतकाराचं नाव शेवटी द्यायचं. काकांना ते पटेना. "नाव द्यायचं आणि माणसाला माहीतच नाही?" त्यांनी त्या संगीतकाराचा ईमेल पत्ता शोधून त्याला सरकारी इंग्रजीत पत्र धाडलं. आपला तुकडा येवल्याच्या एका पैठणीच्या फिल्मला लावला आहे, फिल्म बरी झाली आहे, सदर बाब माहितीस्तव सादर. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं दीड पानी उत्तर. इतकी वर्षं लोक त्याचे तुकडे वापरतात, पण कळवलं कुणीच नव्हतं. पैठणी म्हणजे काय, असंही विचारलं होतं. काकांनी त्याला काठाचा फोटो पाठवला. आता दर दिवाळीला त्याचा संदेश येतो, आणि काका तो मला, शेजाऱ्यांना आणि खालच्या वॉचमनला वाचून दाखवतात.

काकांना जगात एकाच शब्दाची चीड होती. 'पारंपरिक'. फिल्मच्या शेवटी 'संगीत: पारंपरिक' असं लिहिलेलं दिसलं की त्यांची कानशिलं तापायची. "पारंपरिक म्हणजे काय, सुहासराव? विचारायचा कंटाळा! कुणीतरी बसून केलं असेल ना ते? का झाडाला लागलं?" एकदा कांदा काढणीचं एक गाणं आम्हाला हवं होतं. काका सिन्नरकडच्या खेड्यांतून पाच दिवस एसटीनं हिंडले. शेवटी एका म्हातारीनं सांगितलं की ते गाणं तिच्या सासऱ्याचं. काकांनी तिथंच ओट्यावर अर्ज भरून घेतला, अंगठा घेतला, आणि परत आले ते वरातीतल्यासारखे हात वर करून.

तेव्हा हा माणूस 'पारंपरिक' शब्द दिसल्यावर काय करतो, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी जे झालं ते मला कळेना.

पंचवटीतल्या एका डॉक्टर मॅडमचं प्रसूतिगृह आहे. त्याला पंचवीस वर्षं होत होती आणि त्यांना फिल्म करायची होती. माझ्यासाठी हे काम मोठं होतं. हे नीट झालं असतं तर शहरातल्या आणखी डॉक्टरांची कामं आली असती. मॅडमना सगळं मला वाटेल तसं चालणार होतं, फक्त एक हट्ट होता. शेवटी पंचवीस वर्षांतल्या बाळांचे फोटो एकामागून एक येतील, आणि त्यावर तो आंब्याच्या फांदीचा पाळणा हवा. तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला तो येत असणारच. बारसं आहे आणि तो पाळणा नाही, असं आमच्याकडे होत नाही. तीन कडव्यांचा, सोपा, बाळ झोपो न झोपो, बायकांचे डोळे हमखास ओले करणारा. मी गाण्यांच्या यादीत लिहिलं, 'पाळणा: पारंपरिक', आणि यादी काकांपुढे ठेवून भडिमाराची वाट बघत बसलो.

काकांनी यादी वाचली. घडी घातली. खिशात ठेवली. आणि साडेअकरालाच घरी गेले.

तीन दिवस आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "चौकशी चालू आहे." चौथ्या दिवशी आले, आणि तो चार पानी अर्ज माझ्यापुढे ठेवला. सगळे रकाने भरलेले. आणि शेवटी खूण दुसऱ्या चौकोनात. 'परवानगी देत नाही.' खाली थरथरत्या अक्षरात सही: सिंधू मुरलीधर निकम.

मी दोनदा वाचलं. "निकम? तुमच्या नात्यातल्या आहेत का कुणी?"

"बायको," काका म्हणाले.

मला आधी हसूच फुटलं. "अहो, म्हणजे पाळणा काकूंनी केलाय? आपल्या काकूंनी? मग अडलंय कुठं! घरातच तर आहे. समजावा त्यांना!"

"मी कसा समजावू? मी अर्जदार आहे."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी काकांना नाही नाही ते बोललो. म्हटलं, अख्खा जिल्हा हा पाळणा म्हणतोय, मोबाइलवर पन्नास ठिकाणी पडलाय, सगळीकडे पारंपरिक म्हणूनच आहे, उद्या कुणी कोर्टात जाणार आहे का? काकू जाणार आहेत? मी लावतोच, बघतो काय होतं ते.

काका उभे राहिले. "मग माझा राजीनामा घ्या."

"तुमची नेमणूकच झालेली नाही, राजीनामा कसला देता!"

"तर मग हरकत नोंदवून घ्या," असं म्हणून ते पुन्हा बसले. माझ्यापुढचा अर्ज उचलून त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. मी आयुष्यात खूप आडमुठी माणसं पाहिली, पण आडमुठेपणा करताना इतकं घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझा आवाज आपोआप खाली आला.

संध्याकाळी आम्ही दोघं पंचवटीला गेलो. माझी आशा एवढीच, की डॉक्टर मॅडम स्वतः काकांना गप्प करतील. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाल्या, "पण काका, हा तर जुना पाळणा आहे. माझ्या सासूबाई म्हणायच्या. कॅसेट होती आमच्याकडे, तिच्यावरही पारंपरिकच लिहिलं होतं."

"ते मी लिहिलं," काका म्हणाले.

मॅडमना कळलं नाही. मलाही नाही.

काका टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होते. कॅसेटचा जमाना होता. चांदवडच्या भजनी मंडळातल्या बायकांच्या गाण्यांची एक कॅसेट निघणार होती आणि हा पाळणा तिच्यात घ्यायचा ठरला, कारण तोपर्यंत तो आसपासच्या चार गावांत पोहोचला होता. कॅसेटवाल्यांनी गाण्यांची यादी मागितली, कुठलं गाणं कुणाचं ते. काका कार्यालयात कारकून, म्हणून यादी करायचं काम त्यांच्याकडे. ते लिहायला बसले तेव्हा त्यांची आई शेजारी होती.

"आई म्हणाली, पाळण्यावर हिचं नाव घालू नको. हिच्या पोटी मूल नाही. लोक अपशकुन मानतील, कुणी घरात वाजवणार नाही. सिंधू तिथंच दारात उभी होती. तिनं ऐकलं. मी म्हणालो नाही की नाव घालणारच. मी काहीच म्हणालो नाही. मी लिहिलं, पारंपरिक." काकांनी चष्मा पुसला. "माझं अक्षर चांगलं आहे ना. छापून आलं तसंच्या तसं."

बाहेर एक बाळ रडत होतं, ते थांबलं.

"तिला मी तेव्हा विचारलं नाही," काका म्हणाले. "आता विचारलं. तिनं नाही म्हटलं. आता तुम्ही लावणार असाल तर लावा, पण माझ्या हातून दुसऱ्यांदा ते होणार नाही."

डॉक्टर मॅडम उठल्या आणि त्यांनी काकांना पाणी आणून दिलं. मला म्हणाल्या, "सुहास, दुसरं काहीतरी शोधा."

तरी मी निलाजरा माणूस. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर गेलोच. वाटलं, काका नाही तर मी विचारून बघतो, माझ्याशी काकू गोड बोलतात. काकांनी दार उघडलं, मला बघितलं, आणि "माझ्यासमोर नको," म्हणून गच्चीवर निघून गेले.

सिंधूकाकू म्हणजे अगदी साधी बाई. पासष्टीची. नाशकात चाळीस वर्षं काढूनही बोलणं चांदवडचंच. मला चहा दिला, समोर बसल्या, आणि मी काही विचारायच्या आधी स्वतःच हसायला लागल्या.

"तीन दिवस तो कागूद घेऊन हिंडत होते घरात. चहा प्यायला बसले की माझ्यापुढं ठेवायचे, मी हात पुढं केला की उचलून घ्यायचे. शेवटी मीच म्हनलं, काय हाय ते द्या इकडं. तर द्यायना. म्हने, मी वाचून दाखवतो. मग चष्मा लावून पयल्यापासून वाचलं. कुठल्या मुलखात, किती वर्षं, मोबाइलवर का पडद्यावर. लग्न झाल्यापासून एवढं एका बैठकीत बोलले नव्हते माझ्यासंगं."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"म्हनलं."

"राग होता का, काकू?"

काकूंनी बशीत चहा ओतला. "राग होता तवा होता. आता नाय. पन मला बघायचं व्हतं, नाय म्हनलं तर हे काय करत्यात. काहीच नाय केलं. डोळे पुसले आन् खूण करून घेतली."

मग त्यांनी मला बारशाची गोष्ट सांगितली. पाळणा त्यांनी केला तो धाकट्या दिराच्या मुलासाठी. घरात पहिलंच मूल. आठ दिवस काम करता करता मनात शब्द जुळवले, जावेला शिकवले, शेजारणींना शिकवले. बारशाच्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या. सासू म्हणाली, सिंधू, तू आत जा, शिरा करपेल. पाळण्याला हात लावायचा नाही, असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. पण कळतंच ना. बाहेर सगळ्या मिळून त्यांचाच पाळणा म्हणत होत्या, आणि काकू आत शिरा हलवत होत्या.

"शिरा काय करपला नाय," काकू म्हणाल्या. "चांगला झाला व्हता."

मी जे विचारायला गेलो होतो ते विचारलं नाही. चहा संपवला आणि खाली आलो. फिल्मच्या शेवटाला मी बासरी लावली. बासरीवाल्याकडून काकांनी अर्ज भरून घेतला. फिल्म वाईट झाली नाही, पण डॉक्टर मॅडमच्या मनातली ती फिल्म नव्हती, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

पण फिल्म पुरी व्हायच्या आधी शूटिंगचा शेवटचा दिवस राहिला होता. प्रसूतिगृहात एक बाळ होतं, आठव्या महिन्यातच जन्मलेलं. कित्येक दिवस काचेच्या पेटीत होतं आणि आता कुठं धोक्यातून बाहेर आलं होतं. घरी सोडायच्या आधी त्याचं बारसं तिथंच करायचं, असं मॅडमनी ठरवलं होतं. बाळाची आई चांदवडकडचीच, विशीबाविशीची पोर. आदल्या दिवशी मॅडमचा मला फोन आला. "निकमकाकूंना घेऊन याल? गाण्यासाठी नाही. बारशाला बोलावलंय म्हणून सांगा." काकू येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात बाळाला टोपडं. काका त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होते.

वॉर्डात मधोमध पाळणा बांधला होता. नर्सा, आया, शेजारच्या खाटांवरच्या बाळंतिणी, पंधरावीस बायका जमल्या होत्या. मी कॅमेरा लावला. काकू भिंतीशी, सगळ्यांच्या मागे. पाळण्यात बाळाला घालायची वेळ आली तेव्हा पोर इकडेतिकडे बघायला लागली. तिची सासू पोहोचली नव्हती, गाडी वाटेतच बंद पडली होती. तिची नजर काकूंवर थांबली.

"आजी, तुम्ही घाला ना."

काकू मागे सरकल्या. "मला नको, बाई. मला मूलबाळ नाय."

मी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते. आणि ती पोर, जिला काहीच माहीत नव्हतं, ती जरा वैतागूनच म्हणाली, "मग काय झालं आजी? मान तेवढी सांभाळा, लय नाजूक हाय अजून."

असं म्हणून तिनं बाळ काकूंच्या हातात दिलंसुद्धा.

काकूंनी एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. काका माझ्या जवळ आले आणि कानात म्हणाले, "सुहासराव, खाली ठेवा." मी कॅमेरा बंद करून खाली ठेवला. त्यामुळे पुढचं कुठंही नाही. मी बघितलं तेवढंच आहे.

काकूंनी बाळाला पाळण्यात ठेवलं. टोपडं घातलं. दोरी हातात घेतली. आणि बायकांनी, त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, तोच पाळणा धरला. काकू म्हणत नव्हत्या. नुसती दोरी ओढत होत्या. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. तिसऱ्याशी सगळ्या थांबल्या, कारण कॅसेट तिथंच संपत असे आणि सगळ्यांना तेवढंच येत होतं.

मग काकूंचा एकटीचा आवाज आला. म्हातारा, बारीक, पण सुरात.

"चुलीच्या आडोशाला कोण गं बसली,
बाळाचं नाव येता गालात हसली."

मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हे कडवं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. ते त्या जुन्या बारशाच्या दिवशी आत, शिरा हलवताना झालं होतं, आणि नंतर काकूंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. घरातल्या माणसालाही नाही.

"हे कडवं कुठलं हो, आजी?" पोरीनं विचारलं. "आमच्याकडं नाय म्हणत हे."

"माझं हाय," काकू म्हणाल्या. "सगळाच माझा हाय. या अशा जवळ, शिकवते."

बायका जवळ सरकल्या. काकूंनी ते कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. काका भिंतीला टेकून उभे होते. गालांवरून पाणी खाली येत होतं आणि रुमाल काढायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग बायकांनी ते कडवं उचललं तेव्हा काकांचेही ओठ हलायला लागले.